बालकवितेतील अलंकार आणि बोध: मुले कवितेतून नेमके काय शिकतात?

“या कवितेतून तुम्हाला काय बोध मिळतो?” मराठी शाळेत शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी सोडवला आहे. उत्तर बहुधा एका ओळीचे असते: खरे बोलावे, प्राण्यांवर दया करावी, वेळेचे महत्त्व ओळखावे. परीक्षा झाली की ते उत्तर विसरले जाते. कविता मात्र वीस-तीस वर्षांनीही चालीसकट आठवते.

असे का होते? बोध वेगळा आणि चाल, यमक, गंमत वेगळी, असे आपण धरून चालतो. कडू औषधाला साखर लावावी तशी ही सजावट आहे, असेही अनेकांना वाटते. पण लहान मूल कवितेतून जे शिकते ते बहुतांशी त्या सजावटीतूनच शिकते. ते कसे, हे या लेखात पाहू. लेखातील उदाहरणाच्या ओळी केवळ समजावून सांगण्यासाठी नव्याने रचलेल्या आहेत.

बालकविता म्हणजे काय?

मुलांसाठी लिहिलेली किंवा मुलांमध्ये रुजलेली कविता म्हणजे बालकविता. तिचे ढोबळ प्रकार असे:

- अंगाईगीत: बाळाला झोपवण्यासाठी गायले जाणारे, संथ लयीचे गीत.
- बडबडगीत: अर्थापेक्षा नादाला महत्त्व देणारे, बहुधा तोंडी चालत आलेले गीत.
- खेळगीत: फेर धरताना, टाळ्या देताना किंवा राज्य कोणावर हे ठरवताना म्हटले जाणारे गीत.
- कथाकाव्य: कवितेतून सांगितलेली गोष्ट.
- बालकविता: एखाद्या कवीने मुलाच्या नजरेतून लिहिलेली कविता.

एक गल्लत नेहमी होते. ‘बालकवी’ म्हणून ओळखले जाणारे त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) हे फक्त मुलांसाठी लिहिणारे कवी नव्हते. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्यांनी लहान वयातच कविता म्हणून दाखवली आणि त्यांना हे नाव मिळाले. त्यांच्या निसर्गकविता पाठ्यपुस्तकांतून मुलांपर्यंत पोहोचल्या, ही पुढची गोष्ट.

‘बालबोध’पासून ‘आनंद’पर्यंत

मराठी बालसाहित्याचा कल कसा बदलत गेला, हे दोन मासिकांच्या नावांतही दिसते. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी मासिक काढले, त्याचे नाव ‘बालबोध’. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये काढलेल्या मासिकाचे नाव ‘आनंद’. बोध मागे पडला असे नाही. पण मुलाला आधी मजा वाटली पाहिजे, हा विचार पुढे आला.

पुढच्या काळात विंदा करंदीकर (१९१८–२०१०) आणि मंगेश पाडगावकर (१९२९–२०१५) यांनी ही मजा आणखी मोकळी केली. २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणाऱ्या विंदांनी ‘एटू लोकांचा देश’, ‘परी गं परी’, ‘अजबखाना’ असे बालकवितांचे अनेक संग्रह लिहिले. प्रौढांसाठी गंभीर कविता लिहिणाऱ्या कवीला मुलांसाठी लिहिणे कमी दर्जाचे वाटले नाही, हे यातून दिसते.

बालकवितेतील प्रमुख अलंकार आणि युक्त्या

व्याकरणाच्या पुस्तकात अलंकारांचे दोन गट असतात. शब्दांच्या नादावर उभे राहणारे ते शब्दालंकार आणि अर्थावर उभे राहणारे ते अर्थालंकार. बालकवितेत दोन्ही येतात. त्यांच्या जोडीला ताल, पुनरावृत्ती आणि नादशब्दही असतात.

१. ताल

ही दोन ओळींची रचना पाहा:

मामा शोधत बसले टोपी,
तिच्यात मांजर गेले झोपी.

ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराच्या दोन, असे मोजले तर ‘मामा’ चार मात्रांचा शब्द आहे. ‘शोधत’, ‘बसले’ आणि ‘टोपी’ हेही प्रत्येकी चार मात्रांचे. दुसऱ्या ओळीतही चार-चार मात्रांचे चार तुकडे पडतात. मूल टाळ्या वाजवत ही ओळ म्हणते तेव्हा दर चार मात्रांना एक टाळी पडते. आठ मात्रांच्या अशा आवर्तनाला छंदशास्त्रात ‘पद्मावर्तनी’ म्हणतात. मराठीतील कितीतरी बालगीते याच ठेक्यावर चालतात.

मुलाच्या हाती यातून काय लागते? आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळणे आणि शब्दाचे तुकडे कानाने ओळखणे. दहा मुले एका तालात गाणे म्हणतात तेव्हा ‘सगळ्यांनी मिळून काम करावे’ हे कोणी वेगळे सांगत नाही. त्या क्षणी मुले ते करतच असतात.

२. यमक

वरची पहिली ओळ म्हणून झाल्यावर दुसरी ओळ ‘गेले...’पाशी थांबवा. ‘झोपी’ हा शब्द मूलच पुरवेल. कानावर पडलेल्या ‘टोपी’वरून पुढे काय येणार याचा अंदाज बांधणे आणि तो बरोबर ठरणे, हा मुलाचा मोठा आनंद असतो.

या आनंदाचा वाचनाशी जवळचा संबंध आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना सारख्या नादाचे शब्द चांगले ओळखता येत होते, ती पुढे वाचन आणि शुद्धलेखनात पुढे असल्याचे त्यात दिसले. तो अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर होता. मराठीची लिपी वेगळ्या पद्धतीने चालते, त्यामुळे त्याचे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण ‘शब्द हा आवाजांचा बनलेला असतो’ हे कळणे कोणत्याही भाषेत वाचायला शिकताना उपयोगी पडते.

३. नादशब्द

मराठीत पावसासाठी किती शब्द आहेत! थेंब पडतात टपटप, सर येते सरसर, श्रावणात पाऊस पडतो रिमझिम आणि आषाढात धो धो. ढग गडगडतात, वीज कडाडते, ओढा खळखळतो आणि झरा झुळझुळतो. व्याकरणात यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात.

हे शब्द मुलाला लक्षपूर्वक ऐकायला शिकवतात. ‘टपटप’ आणि ‘रिमझिम’ यांतला फरक ज्याच्या कानाने टिपला, त्याला सगळा पाऊस एकसारखा वाटत नाही. ‘निसर्गावर प्रेम करा’ ही पुढची पायरी झाली. त्याआधी निसर्ग ऐकू आणि दिसू लागावा लागतो.

४. पुनरावृत्ती

आश्विनात मुली भोंडल्याची गाणी म्हणतात. महाराष्ट्राच्या काही भागांत याच खेळाला हादगा म्हणतात, तर विदर्भ-खानदेशात भुलाबाईची गाणी असतात. यातले कारल्याच्या वेलाचे गाणे अनेकांना माहीत असेल. सुनेला माहेरी जायचे असते. सासू सांगते, आधी वेल लाव. वेल लावला की तो वाढू दे, वाढला की फुले येऊ देत, मग कारली लागू देत. प्रत्येक कडव्यात सून तेच विचारते आणि प्रत्येक वेळी नवी अट पुढे येते.

इथे पुनरावृत्ती केवळ लक्षात राहण्यासाठी नाही. माहेर जसे लांबते, तसे गाणेही लांबते. ताटकळणे म्हणजे काय, हे फेर धरून हसत गाणाऱ्या मुलीला त्या लांबणाऱ्या गाण्यातूनच कळते. सासुरवासाबद्दल कोणी तिला भाषण दिलेले नसते.

लहान मुलांना पुनरावृत्ती आवडते याचे आणखी एक कारण आहे. पुढे काय येणार हे माहीत असले की त्यांना सुरक्षित वाटते. तीच कविता दहाव्यांदा ऐकायचा हट्ट करणारे मूल कंटाळवाणे नसते. ते ओळखीच्या वाटेवरून पुन्हा चालून बघत असते.

५. चेतनगुणोक्ती

निर्जीव वस्तू माणसासारखी वागते-बोलते अशी कल्पना केली की चेतनगुणोक्ती अलंकार होतो. उदाहरणार्थ:

फिरून फिरून दुखले पाय,
पंखा म्हणतो, थांबू काय?

हे ऐकून एखादे मूल विचारेल, “पंख्याला पाय असतात का?” दुसरे एखादे उठून पंखा बंद करेल. दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. पहिल्यात मूल तर्क लावते आणि दुसऱ्यात दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहते. ज्याला बोलता येत नाही त्यालाही काही वाटत असेल, ही कल्पना करता येणे म्हणजेच सहानुभूतीची सुरुवात. आणि ‘वीज वाचवा’ अशी पाटी न लावताही पंखा बंद झालेला असतो.

प्राण्यांच्या बाबतीत हे आणखी खोल जाते. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वाचली आहे. शिकाऱ्यामुळे घायाळ झालेली पक्षीण चोचीतला घास पिल्लांपर्यंत नेण्यासाठी धडपडते. तिचे पडणे, उठणे आणि पुन्हा उडू पाहणे टिळकांनी छोट्या छोट्या क्रियापदांत पकडले आहे. ओळ वाचतानाच वाचणाऱ्याचा श्वास अडखळतो. दया करावी, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही.

६. अतिशयोक्ती आणि उलटापालट

खिशात माझ्या आहे तळे,
त्यात पोहती सात बगळे.

ही सरळसरळ थाप आहे आणि ती थाप आहे हे मुलाला कळते, म्हणूनच ते हसते. तळे खिशात मावत नाही, हे माहीत असल्याशिवाय हसू येणारच नाही. चौकस मूल आणखी एक चूक काढेल: बगळे पोहत कुठे असतात, ते तर काठावर एका पायावर उभे असतात! अशा कवितेतून मूल खरे-खोटे पारखायला शिकते आणि मोठ्यांच्या बोलण्यातली चूक काढण्याचे धाडसही करते. ‘अर्थच नाही’ म्हणून ज्या कविता बाजूला ठेवल्या जातात, त्यांचा हा उपयोग सहज नजरेतून सुटतो.

७. प्रतिमा

हान्स क्रिस्तियान अँडरसन यांची कुरूप बदकपिल्लाची गोष्ट १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. ग. दि. माडगूळकरांनी (१९१९–१९७७) त्यावर मराठी गीत लिहिले आणि ते आशा भोसले यांनी गायले. सगळ्यांनी हिणवलेले पिल्लू शेवटी पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहते आणि आपण राजहंस आहोत हे त्याला कळते.

‘रूपावरून कोणाला हसू नये’ एवढाच बोध काढला तर गाण्यातला मोठा भाग हातचा सुटतो. पिल्लाला त्याची ओळख कोणी सांगत नाही. ते स्वतः पाण्यात डोकावते. वर्गात एकटे पडलेल्या मुलाला ते प्रतिबिंब जे सांगते, ते उपदेशाच्या चार ओळी सांगू शकत नाहीत.

एकच विषय, दोन रीती

विषय एकच ठेवून फरक पाहू. रात्री दात घासावेत, हे मुलाला सांगायचे आहे. पहिली रीत:

दात घासा दोन वेळा,
नियम सारे नीट पाळा.

दुसरी रीत:

ब्रश घालतो रात्री गस्ती,
साखर घेते त्याची धास्ती.

पहिल्या रचनेत ताल आहे, यमकही आहे. पण मुलाने त्यात करायचे काय, तर फक्त ऐकायचे. दुसऱ्या रचनेत ब्रश पहारेकरी झाला आणि साखर चोर. आता चोर कुठे लपला असेल, दाढेच्या मागे की जिभेखाली, हे मूल स्वतः शोधू लागते. सल्ला दोन्हींत तोच आहे. दुसऱ्या रचनेत मुलाला भूमिका मिळाली आहे.

पावसाची दोन गाणी

मराठी बालवाड्यांत आणि इंग्रजी नर्सरींत पावसाची दोन वेगळी गाणी म्हटली जातात. इंग्रजी गाण्यात मूल पावसाला जा म्हणते, नंतर कधीतरी ये म्हणते. थंड आणि ओलसर देशातल्या मुलाला बाहेर खेळायचे असते, तेव्हा हे साहजिकच. मराठी बडबडगीतात मूल पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावते. पैसा खोटा निघतो, तरी पाऊस मोठा येतो.

या बडबडगीताचा बोध काय लिहायचा? ‘लाच द्यावी’? की ‘खोटा पैसा चालतो’? बोध काढायला बसलो तर असे हसे होते. पण जूनमध्ये आकाशाकडे डोळे लावून बसणाऱ्या प्रदेशाचे मन या गाण्यात आहे. पाऊस इथे पाहुणा आहे. त्याला बोलवावे लागते, त्याच्याशी घासाघीस करता येते आणि तो आला की सगळे माफ असते. पावसाला त्रास मानावे की पाहुणा, हे मूल बोलायला शिकतानाच शिकून जाते.

बोध चुकीचाही असू शकतो

अलंकाराची ताकद दुधारी आहे. यमकामुळे चांगली गोष्ट जशी पक्की बसते, तशीच वाईटही बसते. गोरी ती छान आणि काळा तो भुताचा. आई कायम स्वयंपाकघरात आणि बाबा कायम ऑफिसात. जाड मुलगा म्हणजे हसण्याचा विषय. ऐकले नाही तर पोलीस किंवा बागुलबुवा धरून नेईल. अशा गोष्टी गोड चालीत आल्या की मूल त्यांच्यावर शंका घेत नाही. ते गुणगुणत राहते.

मोबाइलवर एकामागून एक बालगीते आपोआप सुरू होतात, तेव्हा ही निवड घरातल्या कोणीच केलेली नसते. कवितेचा शेवटचा उपदेश चांगला आहे, एवढे पाहून भागत नाही. तिच्यात कोणाला हसले जाते, कोणाला घाबरवले जाते आणि कोण कधीच दिसत नाही, हेही पाहावे लागते. वारली, भिली किंवा कोरकू बोलणारे मूल पहिलीत येते आणि पुस्तकातल्या एकाही कवितेत त्याचे घर, त्याचे झाड, त्याचा शब्द नसतो, तेव्हा तो अभावही त्याला काहीतरी शिकवत असतो.

मुलांना कविता ऐकवताना काय करावे?

- यमकाच्या शब्दाआधी थांबा. शब्द मुलाला पुरवू द्या. वेगळा शब्द सुचवला तर तोही म्हणून पाहा.
- “काय शिकलास?” ऐवजी “मांजराने टोपी परत दिली असेल का?” असे विचारा.
- कविता हातापायांनी म्हणू द्या. टाळी, उडी, फेर यांतूनच ताल अंगात मुरतो.
- घरातली बोली वापरा. आजीच्या तोंडचे बडबडगीत पुस्तकातल्यापेक्षा वेगळे असेल, तर ते चूक नाही. तोंडी गाण्यांची अनेक रूपे असतात.
- खटकणारी ओळ आली तर लपवू नका. “हे बरोबर वाटते का?” असे विचारून मुलालाच ती बदलू द्या.
- पाठांतराची सक्ती नको. आवडलेली कविता आपोआप पाठ होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बालकवितेत बोध नसावाच का?*
असू शकतो. तो कवितेच्या घटनेतून, प्रतिमेतून किंवा नादातून आला तर टिकतो. शेवटी चिकटवलेली उपदेशाची ओळ मुलाच्या मनात फारशी राहत नाही.

*मुलांना अलंकारांची नावे शिकवावीत का?*
लहान वयात गरज नाही. आधी दहा-बारा कवितांत पंखा, नदी, ढग बोलताना ऐकू द्या. मग वरच्या इयत्तेत ‘चेतनगुणोक्ती’ हा शब्द आला, की मुलाला ओळखीच्या गोष्टीचे नाव कळल्यासारखे वाटेल.

*यमक नसलेली बालकविता असू शकते का?*
हो. मुक्तछंदातही मुलांसाठी चांगली कविता लिहिता येते. मात्र अगदी लहान मुले कानाने शिकतात, म्हणून त्यांच्यासाठी ताल आणि यमक अधिक उपयोगी पडतात.

*‘बोध लिहा’ या प्रश्नाचे उत्तर मुलाला कसे सांगावे?*
कवितेत काय घडले आणि ते वाचताना तुला काय वाटले, हे आधी त्याच्या शब्दांत सांगू द्या. त्यातलेच एक वाक्य वहीत लिहायला सांगा. ते गाइडमधल्या वाक्याइतके गुळगुळीत नसेल, पण त्याचे स्वतःचे असेल.